तोंडीचे वीस गुण

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूरपासून केळीच्या बागा लागतात, त्या डोंगरकड्यापर्यंत साथ सोडत नाहीत. कळमनुरी तालुक्यातलं हे गाव इसापूर धरणाच्या पाण्यावर हिरवं राहिलेल्या पट्ट्यातलं. केळी, हळद, ऊस ही पिकं. दवाखान्याला आणि कॉलेजला नांदेड, खिचडी खायला वारंगा फाटा. या गावातल्या एका घरात उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठा वाद झाला. सहावी पास झालेल्या मुलाला झेडपीच्या शाळेतच ठेवायचं, की गावात येणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमध्ये बसवायचं, हा प्रश्न होता. पण वाद लवकरच मुलाला सोडून इंग्रजीवर गेला आणि तिथंच राहिला.

एका बाजूला मुलाची आत्या. याच गावात शिकलेली, आता पुण्यात हिंजवडीला नोकरीला. दुसऱ्या बाजूला तिचे मामा. आखाडा बाळापूरला राहतात. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाले.

२००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शालेय शिक्षणमंत्री होते. त्याआधी इंग्रजीशी गाठ पडायची ती पाचवीत. आत्या त्या पहिल्या तुकडीतली. २०१० साली दहावी झाली. तेव्हाच्या आशेचं काय झालं हे ती स्वतःवरूनच सांगते.

"दहा वर्षं, मामा. पहिली ते दहावी. वर अकरावी-बारावी, मग इंजिनिअरिंग. दहावीला इंग्रजीत शंभरात पंच्याऐंशी पडले म्हणून तुम्हीच पेढे वाटले होते. आणि पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीत त्यांनी स्वतःबद्दल सांगा म्हटलं, तर पाठ केलेली चार वाक्यं संपली तशी मी गप्प झाले. समोरचा माणूस चांगला होता. त्यानं सोपं विचारलं, तुमच्या गावात काय पिकतं? केळी पिकते, एवढं मला सांगता आलं नाही. बनाना हा शब्द मी पहिलीत शिकले होते."

मामांनी ऐकून घेतलं. "ते पंच्याऐंशी खोटे नव्हते, पोरी. परीक्षेत जे मागितलं ते तू दिलंस. बोलणं कुणी मागितलंच नव्हतं. आणि मागावं तरी कशाला? डोंगरकड्यात इंग्रजी बोलायचं कुणाशी? भाषा गरजेनं येते. गरज नाही तिथं दहा काय, वीस वर्षं शिकवली तरी ती वहीतच राहते."

गरजेचा दाखला मामांच्या घरातलाच आहे. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात शिकले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर पदवीपर्यंतचं शिक्षण उर्दूतून चालायचं. घरात मराठी बोलणारा तो शेतकऱ्याचा मुलगा तहसिलीत जाऊन पेशकाराशी अस्खलित उर्दूत बोलायचा, जमिनीचे कागद वाचून दाखवायचा. सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान गेलं, कचेरीतली उर्दू गेली, आणि पुढच्या पिढीला ती वाचताही येईना. "माझ्या वडिलांना कुणी उर्दू संभाषणाचा क्लास लावला नव्हता," मामा म्हणाले. "कचेरीचं दार त्या भाषेत उघडायचं, म्हणून ती आली."

त्यांचं म्हणणं पटावं असा पुरावा त्याच सकाळी बागेत दिसला होता. केळीची कटिंग चालू होती. मजूर घड उतरवत होते, फण्या वेगळ्या करून क्रेटमध्ये भरत होते, आणि माल न्यायला आलेल्या उत्तरेकडच्या गाडीचा ड्रायव्हर बांधावर बसला होता. सहावी पास झालेला हा मुलगा त्याला पाणी देता देता हिंदीत सगळा हिशेब सांगत होता: किती क्रेट भरले, किती राहिले, काटा कुठं आहे, पाऊस आला तर गाडी कुठून काढायची. लिंग चुकत होतं, क्रियापदं मराठी वळणाची होती, पण ड्रायव्हरला सगळं समजत होतं आणि मुलगा एकदाही अडखळला नाही. हिंदी विषय त्याला शाळेत पाचवीपासून आहे. इंग्रजी पहिलीपासून.

दुपारी जेवताना आत्यानं त्याला इंग्रजीत विचारलं, "व्हॉट डिड यू इट टुडे?" पाचही शब्द त्याला येत होते. वेगवेगळे विचारले तेव्हा त्यानं प्रत्येकाचा अर्थ सांगितला. उत्तर मात्र आलं नाही. त्यानं आधी वडिलांकडं पाहिलं, मग ताटाकडं, आणि हळूच म्हणाला, "पोळी."

"बघा," मामा म्हणाले. "हिंदीला माणूस आहे. इंग्रजीला फक्त पुस्तक आहे."

आत्यानं हे मान्य केलं, पण अर्धंच. पुण्यात तिला इंग्रजी कसं आलं ते तिनं सांगितलं. वसतिगृहात खोलीत दोन मुली, एक केरळची, एक तमिळनाडूची. दोघींना हिंदी येत नव्हतं. सकाळी गिझर आधी कोण लावणार यावर रोज खटका उडायचा, आणि भांडायचं तर इंग्रजीतच भांडावं लागायचं. व्याकरणाकडं बघायला तेव्हा वेळ नसायचा. काही महिन्यांत ती बोलायला लागली. मामांना वाटलं, ही तर आपल्याच बाजूची साक्ष झाली. आत्याला तसं वाटत नव्हतं.

"मला खोलीत केरळची मुलगी मिळाली हे माझं नशीब. माझ्याबरोबरच्या किती जणींना नाही मिळाली. त्या नांदेडला, परभणीला राहिल्या, मराठी मुलींच्याच खोलीत राहिल्या. त्यांचे गुण माझ्याएवढेच होते. त्या आजही इंग्रजी फोन आला की नवऱ्याच्या हातात देतात. गरज पडली की येते म्हणता. गरज पडते तेव्हा मुलाखत सुरू असते, मामा. तेव्हा शिकायला कोण थांबतं?"

गरज आणि वातावरण यांनी सगळं होतं, हे मत महाराष्ट्रात फार खोल रुजलेलं आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा सगळा धंदा त्यावर उभा आहे: मुलाला दिवसभर इंग्रजीत ठेवा, ते आपोआप बोलेल. इथं कॅनडाचा अनुभव बघण्यासारखा आहे. १९६५ साली माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवायचा प्रयोग सुरू झाला, आणि पुढं देशभर पसरला. फ्रेंच ऐकण्यात-वाचण्यात ही मुलं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली. बोलण्या-लिहिण्यात मात्र कित्येक वर्षांनंतरही मागं राहिली. भाषाअभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्याचं कारण मांडलं: मुलांना ऐकायला भरपूर मिळत होतं, पण आपलं म्हणणं नेमकं, पूर्ण वाक्यात मांडायची वेळ त्यांच्यावर पुरेशी येत नव्हती. शिक्षक बोलायचे, मुलं ऐकायची. डोंगरकड्याच्या वर्गात ऐकायलाही मिळत नाही, आणि बोलायलाही नाही.

मुलाची वही आत्यानं समोर ठेवली. इंग्रजी धडा पुस्तकात, आणि प्रत्येक इंग्रजी ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं तीच ओळ देवनागरीत. खाली प्रश्नोत्तरं, फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली. प्रत्येक उत्तराला लाल बरोबरची खूण. मुलाचं अक्षर सुंदर होतं. साऱ्या वहीत त्याचं स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं: आपल्या गावावर, बैलावर, आईवर, कशावरच नाही.

"हे मी वाईट म्हणत नाही," मामा वही चाळत म्हणाले. "वर्गात साठ लेकरं. तास पस्तीस मिनिटांचा. मी एक शब्दही नाही बोललो, हजेरी नाही घेतली, तरी एकेकाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. तेवढ्यात कुणाला बोलतं करू? त्यात धडे संपवायचे. धडा राहिला तर पालक विचारतात, मुख्याध्यापक विचारतात. लेकरू बोललं नाही म्हणून मला आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

"तुम्ही वर्गात इंग्रजीत बोलायचात का, मामा?"

"धडा वाचताना. बाकी मराठीत. आम्ही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलो. इकडचं वाक्य तिकडं करायचं, तिकडचं इकडं. त्यातून व्याकरण पक्कं झालं, ते आजही पक्कं आहे. पण बोलायची सवय आम्हालाच कुणी लावली नव्हती. ज्याला सवय नाही तो साठ पोरांसमोर चुकायला भितो. मास्तर चुकला तर गावभर होतं."

ही भीती शिक्षकाकडून मुलांकडं उतरते. गावात कुणी दोन वाक्यं इंग्रजीत बोललं की लोक म्हणतात, लई इंग्रजी झाडायला लागला. वर्गात कुणी चुकलं की हसू फुटतं, बरोबर बोललं तरी फुटतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दोन्हीकडून हसूच मिळणार असेल, तर गप्प बसणं त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचंच आहे. हिंदीत चुकल्यावर ड्रायव्हर हसत नाही; त्याला माल भरून निघायचं असतं.

शिक्षकांची ही अडचण सरकारलाही दिसली होती. २०१६ साली राज्य सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी 'तेजस' नावाचा उपक्रम सुरू केला. तेव्हाच्या औरंगाबादची राज्य आंग्ल भाषा संस्था त्यात होती. प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट करायचे, त्यांनी ठरावीक दिवशी जमायचं, वर्गात काय केलं ते सांगायचं, आणि शक्य तितकं इंग्रजीतच सांगायचं, अशी ती कल्पना. शिक्षकाला आधी आपल्याच बरोबरीच्या माणसांत चुकू द्यायचं, ही त्यातली सगळ्यांत मोलाची गोष्ट. असे गट गावोगाव टिकायला हवे होते.

खेड्यांतलं देशभरचं चित्रही फार वेगळं नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालानं २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. इंग्रजी वाक्यं वाचता येणारे ५७.३ टक्के निघाले. वाचणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांना अर्थही सांगता आला. म्हणजे बरीच मुलं वाचतात, समजतातही. ती पाहणी बोलण्याबद्दल काही सांगत नाही, कारण तिथं बोलणं तपासलंच नव्हतं. आपल्याकडं इंग्रजीचं जे काही मोजलं जातं ते बहुधा कागदावरच.

इथं मामांनी जपान काढला. निवृत्तीनंतर रोज दोन वर्तमानपत्रं वाचतात, त्यामुळं त्यांच्याकडं जपान असतोच.

"मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन कुणाच्या तंत्रावर उभी राहतेय? जपानच्या. त्या जपान्यांना इंग्रजी बोलता येतं का? तेही सहा-सहा वर्षं शिकतात आणि गप्पच राहतात. काय अडलं त्यांचं?"

गप्प राहतात हे खरं आहे. जपानमध्ये माध्यमिक शाळेची सहा वर्षं इंग्रजी असतंच. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीलाही तो रीतसर विषय झाला. १९८७ पासून 'जेट' योजनेखाली इंग्रजी बोलणारे हजारो तरुण परदेशांतून बोलावून सरकारनं शाळाशाळांत नेमले. तरी 'ईएफ' संस्थेच्या इंग्रजी-प्रावीण्याच्या २०२४ च्या जागतिक यादीत ११६ देशांत जपान ९२ वा. भारत ६९ वा. कारणंही ओळखीची वाटतात. वाक्य घेऊन त्याचं शब्दाला शब्द भाषांतर करायची जुनी पद्धत, मोठे वर्ग, प्रवेशपरीक्षेत वाचन आणि व्याकरणाचा भार, इंग्रजी शब्दांवर लिहिलेले जपानी अक्षरांतले उच्चार, आणि चारचौघांत चुकायची लाज. डोंगरकड्याची ती पेन्सिलीची ओळ टोकियोतल्या मुलाला लगेच ओळखू येईल.

त्या यादीत भारत वर आहे, यावर मात्र फार भरवसा ठेवता येत नाही. ती परीक्षा लोक स्वतः होऊन इंटरनेटवर देतात. डोंगरकड्याची मुलं तिच्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

आत्यानं मामांचा मुद्दा यादीवरून नाही खोडला. "जपानचा मुलगा इंग्रजी न बोलता डॉक्टर होतो, मामा. तिथं वैद्यकीचं शिक्षण जपानीत आहे. इंजिनिअरिंग जपानीत, कोर्ट जपानीत, कंपनीची मीटिंग जपानीत. आपलं लेकरू वैद्यकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा मराठीत देऊ शकतं. मग नांदेडच्या मेडिकल कॉलेजला नंबर लागला की पहिल्या दिवशी ॲनाटॉमी इंग्रजीत. जपानला इंग्रजी नाही आलं तर त्यांचा अपमान होतो फार तर. आपल्याला नाही आलं तर रस्ता बंद होतो."

या मुद्द्यावर मामांकडं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते ओढूनताणून दिलंही नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले की रस्ता मराठीत करायला कुणी बसलंय का? पिंपरी-चिंचवडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं २०२१ साली संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकवायला सुरुवात केली, मध्य प्रदेशानं २०२२ साली वैद्यकीची पुस्तकं हिंदीत आणली. पण सातवीत जाणाऱ्या मुलाला त्या भरवशावर ठेवता येत नाही, हे त्यांनाही कळत होतं.

मग इंग्रजी माध्यमच का नको? या प्रश्नावर दोघांपेक्षा घरातली तिसरी व्यक्ती नेमकं बोलली. मुलाची आई इतका वेळ हळदीचं बेणं निवडत ऐकत होती. शेजारच्या दोन मुली त्याच पिवळ्या बसनं जातात. ती म्हणाली, "त्या घरी आल्यावर अभ्यास कुणाला विचारतात? आईला वाचता येत नाही, बाप शेतात. मग शिकवणी लावली. आता मराठी पेपर वाचायला दिला तर अडखळतात, अन् इंग्रजीत विचारलं तर माझ्या लेकरासारख्याच गप्प. फी मात्र दरसाल वाढतीय."

मामांना हेच म्हणायचं होतं, आणि इथं त्यांच्याकडं भक्कम उदाहरण होतं. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सीन बर्नसन मराठीच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या. फलटणच्या बोलीवर त्यांनी पीएचडी केली, भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि प्रगत शिक्षण संस्था काढली. तिची कमला निंबकर बालभवन ही शाळा. जिची मातृभाषाच इंग्रजी, त्या बाईनं गावातल्या मुलांसाठी शाळा काढली ती मराठी माध्यमाची. मुलाचं डोकं ज्या भाषेत चालतं तिच्यात ते आधी वाचायला, लिहायला, विचार करायला शिकलं पाहिजे, ही त्यांची धारणा होती. त्या स्वतः मराठी शिकल्या त्या माणसांत राहून, बोलून.

आत्याला हे उदाहरण माहीत होतं, आणि त्याचा पुढचा भागही. सुगाता मित्रा यांना २०१३ साली टेड पुरस्कार मिळाला, त्यातून भारतात काही ठिकाणी संगणकांच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यातली एक याच संस्थेत फलटणला. तिथं मुलं पडद्यावरून परदेशातल्या स्वयंसेवकांशी बोलायची. त्यांत इंग्लंडातल्या निवृत्त शिक्षिका, आज्या होत्या. समोरच्या बाईला मराठी येत नाही, मग मुलं हातवारे करत, तुटक शब्द जुळवत इंग्रजीत बोलायला लागतात. "शाळा मराठीच, मामा. पण बोलायला माणूस ठेवला. मी एवढंच मागते."

मराठवाड्यातलं उदाहरण तर याहून धिटाईचं आहे. तेव्हाच्या औरंगाबादपासून साधारण २५ किलोमीटरवरच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेनं २०१९ च्या सप्टेंबरात चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? बहुतेक मुलं म्हणाली, जपानी. रोबो आणि यंत्रं त्यांना आवडत होती. गावाला धड रस्ता नव्हता, जपानीचं पुस्तक नव्हतं, शिक्षकांनाही ती भाषा येत नव्हती. इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचं ॲप यांवर सुरुवात झाली. पुढं शहरातल्या एका जाणकारानं पैसे न घेता शिकवायला घेतलं. वर्षभरात ७० हून अधिक मुलं जपानी बोलू लागली, एकमेकांशी.

आत्या म्हणाली, तिथं परीक्षा नव्हती म्हणून जमलं. मामा म्हणाले, तिथं भाषा मुलांनी स्वतः निवडली होती म्हणून जमलं. दोघांचंही खरं असावं. या लेखाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की ती मुलं मराठी शाळेतली होती, खेड्यातली होती, आणि त्यांच्या जिभेत काहीही कमी नव्हतं. 'खेड्यातल्या मुलाला जमत नाही' हे वाक्य गाडीवाटनंतर कुणी उच्चारू नये.

मुलाबद्दलचा निर्णय त्यामानानं सहज झाला. तो झेडपीतच राहील. आत्या आठवड्यातून ठरावीक दिवशी पुण्याहून व्हिडिओ कॉल करील, आणि त्या वेळात घरातल्या कुणीही मराठीत मदत करायची नाही. विषय पुस्तकातला नको, केळीचा, बैलांचा, क्रिकेटचा असावा, ही मामांची सूचना. चुकलं तरी मध्येच दुरुस्त करायचं नाही, ही आत्याची अट. मामांना ती जड गेली; लाल पेनाची सवय एकदम सुटत नाही.

वाद मिटला नाही तो परीक्षेवर.

राज्य मंडळाच्या दहावीत इंग्रजीला ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे. हे २० शाळेनंच घ्यायचे आणि शाळेनंच द्यायचे. ते कसे दिले जातात हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. मामांनी आडपडदा ठेवला नाही. "हजेरीपट घेऊन बसायचं. हुशार लेकराला वीस, मधल्याला अठरा, बाकीच्यांना सोळा. कुणाला कमी दिले तर ते नापास होईल ही भीती. शेजारची शाळा वीस देणार हे ठाऊक असतं, मग आपल्याच लेकरांचं नुकसान कामून करायचं?"

ही खिरापत थांबवायला सरकारनं २०१९ च्या परीक्षेसाठी भाषांचे हे २० गुण काढूनच टाकले आणि पेपर १०० गुणांचा केला. आधीच्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी बदलला होता, त्यामुळं सगळी घसरण या गुणांच्या माथी मारता येत नाही. पण ओरड झाली ती या गुणांवरून. पुढच्याच वर्षी ते परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या सबंध वर्षात चर्चा झाली ती अकरावीच्या प्रवेशाची, सीबीएसईच्या मुलांशी होणाऱ्या स्पर्धेची. मुलं बोलतात की नाही हा प्रश्न दोन्ही निर्णयांत कुणाच्या गावी नव्हता. या सगळ्या हकिगतीतली सर्वांत क्लेशाची बाब हीच आहे.

आत्याचं म्हणणं: हे २० गुण ठेवा, पण परीक्षा खरीच घ्या. टोकियो महानगरानं ते करून पाहिलं. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या सरकारी शाळांतल्या, आपल्या नववी-दहावीच्या वयाच्या मुलांची बोलण्याची परीक्षा सुरू झाली. मूल टॅबलेटसमोर बसतं, कानाला हेडफोन, तोंडाशी माईक. चित्र बघून सांगायचं, प्रश्नाला उत्तर द्यायचं, आपलं मत मांडायचं. उच्च माध्यमिक प्रवेशाच्या १०२० गुणांत या परीक्षेचे २०.

"वीसच?" मामा म्हणाले.

"वीसच."

पण टोकियोतही शेजारच्या मुलाचे आवाज कानावर येत होते अशा तक्रारी झाल्या. आणि त्याआधी, २०१९ साली, विद्यापीठ प्रवेशासाठी खासगी संस्थांच्या इंग्रजी परीक्षा धरायची योजना जपान सरकारला ऐन वेळी थांबवावी लागली होती. खेड्यातल्या मुलांना केंद्रं लांब पडणार, गरिबांना फी जड होणार, हा आक्षेप होता. मामांनी नेमकं तेच धरलं. "टॅबलेट आला की कंत्राट आलं, फी आली, केंद्र नांदेडला गेलं. त्यापेक्षा बारावी सायन्सच्या प्रॅक्टिकलला जसा बाहेरचा परीक्षक येतो तसा पाठवा. बाळापूरचा सर डोंगरकड्याला, डोंगरकड्याचा अर्धापूरला. दहा मिनिटं एकेका लेकराशी बोला. पुस्तकातलं विचारायचं नाही. घरचं, शेतातलं विचारा."

"मग अडचण कुठं आहे?"

"पहिल्या वर्षी निम्म्या लेकरांना पाच पडतील. निकाल खाली येईल. पुन्हा ओरड होईल, पुन्हा सरकार मागं घेईल. २०१९ ला बघितलंस ना तू?"

"तेव्हा त्यांनी गुण काढून टाकले होते, मामा. परीक्षा घेतली नव्हती. पहिल्या वर्षी पाच पडू द्या. त्या पाचात नापास करू नका, पण पाचच लिहा. दहावीला पाच पडतात हे शाळेला कळलं, तर आठवीच्या वर्गात कुणीतरी लेकरांना बोलायला उभं करील."

"अन् ज्या लेकराचा अकरावीचा प्रवेश त्या पंधरा गुणांनी हुकेल, त्याच्या बापाला मी काय सांगू?" मामांनी विचारलं. आत्याकडं त्याचं उत्तर नव्हतं, तरी तिनं मागणी सोडली नाही. मामांनीही प्रश्न सोडला नाही.